रस्ता तिसऱ्यांदा खोदला, तर जाब कागदावर कसा विचारायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यात दांडिया बाजारालगतच्या एका गल्लीत डांबरी रस्ता झाला. मग ड्रेनेजसाठी तो खोदला, बुजवला, आणि पाण्याच्या लाइनीसाठी पुन्हा खोदला. सगळं दोन वर्षांत. त्याच काळात तलावाभोवती रोषणाई आणि चौकात कारंजी चालूच होती. नगरसेवक म्हणतात, "तो पैसा वेगळ्या ग्रँटचा, तुमच्या गल्लीत वापरता येत नाही." विचारणारे काका म्हणतात, निवेदनं देऊन थकलो, हे खरं आहे का, आणि नक्की कुणाला काय विचारायचं?

नगरसेवकांचं म्हणणं अर्धं खरं आहे. सेवासदनाचा, म्हणजे महानगरपालिकेचा, पैसा एका गल्ल्यात पडत नाही. घरवेरा, पाणीवेरा, वाहनवेरा (वेरा म्हणजे कर) हा स्वतःचा पैसा. २००७ मध्ये गुजरातेतल्या महानगरपालिकांची जकात बंद झाली, तिच्या बदल्यात राज्य सरकार अनुदान देतं तो दुसरा. राज्याची स्वर्णिम जयंती मुख्यमंत्री शहरी विकास योजना, वित्त आयोग, केंद्राची पाणी-ड्रेनेजची अमृत योजना यांचा पैसा कामाला बांधलेला. स्मार्ट सिटीचा तसाच होता. ती मोहीम मार्च २०२५ अखेर संपली. अमृतच्या पाण्याच्या पैशातून गल्लीचं डांबर करता येत नाही, हे बरोबर.

पण ग्रँट आभाळातून पडत नाही. दरखास्त सेवासदनच पाठवतं. स्वर्णिम जयंतीमध्ये रस्ते, पाणी, ड्रेनेज ही कामंही बसतात. मग यादीत रोषणाई वर आणि जुनी ड्रेनेज लाइन खाली कुणी ठेवली, हा सरळ प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर ठरावात लिहिलेलं असतं. दुसरं, बहुतेक ग्रँटमध्ये पालिकेचा वाटा असतो. आणि तिसरं, जे कुणी बोलत नाही: काम झाल्यावरचा देखभाल खर्च. कारंज्याचा पंप, दिव्यांचं वीजबिल, बागेचा वार्षिक इजारा (ठेका), हे सगळं दर वर्षी महसुली खात्यातून, म्हणजे तुमच्या घरवेऱ्यातून जातं. म्हणून कुठल्याही सुशोभीकरणावर टीका करताना बांधकामाच्या आकड्यावर ओरडू नका. पाच वर्षांचा देखभाल खर्च किती धरला आहे आणि तो कोणत्या बजेट हेडमधून जाणार, हे लेखी मागा. तो आकडा फायलीत नसतोच, बऱ्याचदा. तो नसणं हीच तुमची टीका, आणि तिला उत्तर देणं अवघड जातं.

कायद्याचा आधार हवा असेल तर तो आहे. बडोद्याला लागू असलेला गुजरात प्रांतिक महानगरपालिका अधिनियम १९४९ हा मूळचा मुंबई प्रांताचा कायदा. पुणे, नाशिक, ठाण्यालाही तोच मूळ कायदा लागू आहे, दोन्ही राज्यांनी पुढे नाव बदललं आणि आपापल्या दुरुस्त्या केल्या. त्याच्या कलम ६३ मध्ये पालिकेची बंधनकारक कामं आहेत: गटारं, पाणी, रस्ते, सफाई. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामं. निवेदनात "सुशोभीकरणावर उधळपट्टी" लिहिलं तर ते रद्दीत जातं. "कलम ६३ खालचं अमुक काम निधीअभावी प्रलंबित असताना कलम ६६ खालच्या तमुक कामाला अमुक ठरावाने मंजुरी दिली, त्याचं कारण कळवावं" असं लिहिलं की त्यावर निदान शेरा मारावा लागतो.

आता तुमच्या गल्लीकडे. तिथे कुणी पैसे खाल्लेच असतील असं धरून चालू नका. शहराचा जास्त पैसा जातो तो कामांचा क्रम चुकल्याने, आणि त्यात प्रत्येकाचे कागद अगदी नीट असतात. रस्ता शाखेचं बजेट वेगळं, ड्रेनेज शाखेचं वेगळं, पाणीपुरवठ्याचं वेगळं. प्रत्येकाचा वार्षिक इजारदार वेगळा. मार्चअखेर आपापला निधी संपवायची घाई तिघांनाही. रस्त्याचं एस्टिमेट मंजूर करताना फायलीत बाकीच्या शाखांचं "या रस्त्यावर आमचं काम प्रस्तावित नाही" असं पत्र असायला हवं. ते मागा. पत्र नसेल तर रस्ता शाखा जबाबदार. पत्र असेल आणि तरी सहा महिन्यांत खोदकाम झालं, तर पत्र देणारी शाखा जबाबदार. दोन्ही बाजूंनी नाव निघतं.

गॅस किंवा केबलवाल्यांनी खोदलं असेल तर आणखी एक धागा आहे. त्यांना खोदण्याआधी रस्ता पूर्ववत करण्याचा आकार पालिकेकडे भरावा लागतो, चौरस मीटरच्या दराने. तुमच्या गल्लीसाठी किती मीटर खोदकामाची परवानगी दिली, किती रक्कम जमा झाली आणि ती कोणत्या कामावर खर्च पडली, असे तीन आकडे मागा. कधीकधी दिसतं असं की आकार एका खात्यात जमा राहिला आणि त्याच पट्ट्याचं डांबर पालिकेच्या स्वतःच्या निधीतून झालं. म्हणजे एका कामाचा पैसा दोन ठिकाणी.

आणि खोदकामाने जे खरं नुकसान होतं ते बिलात दिसतच नाही. रस्ता करणाऱ्या इजारदारावर ठराविक वर्षं दोष-दायित्व असतं, ज्याला सगळे डीएलपी म्हणतात. त्या काळात खड्डा पडला तर त्याने स्वखर्चाने भरायचा. पण मध्ये दुसऱ्याने रस्ता खोदला की तो हात वर करतो, आणि ते चुकीचंही नाही. एका मीटरच्या चरीने अख्ख्या गल्लीचं डीएलपी वादात पडतं. टेंडर काढताना जी हमी विकत घेतली होती ती फुकट गेली. त्याची किंमत कुठल्याच शाखेच्या खर्चात धरली जात नाही.

बुजवलेली चर पावसाळ्यात का बसते आणि भुवा, म्हणजे रस्ता अचानक खचून खोल खड्डा, का पडतो, तेही समजून घ्या, कारण तिथे नजर ठेवता येते. साधारण दीड मीटर खोल चर १५० ते २०० मिलिमीटरच्या थरांत भरायची, प्रत्येक थरावर गरजेपुरतं पाणी मारून कॉम्पॅक्टर फिरवायचा, अशी पद्धत. घडतं असं की जेसीबी सगळी माती एकदम लोटतो आणि वरून दोनदा चाक फिरवतो. वरचे अर्धा फूट घट्ट, खाली पोकळ. त्यात आपल्याकडची काळी चिकण माती. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. जुन्या ड्रेनेजच्या सांध्यातून बारीक माती लाइनीत ओढली जाते, डांबराखाली खोली तयार होते, आणि एक दिवस रिक्षा आत जाते. भुवा पडल्यावर वरून खडी टाकून डांबर मारणं म्हणजे पुढच्या भुव्याची तारीख ठरवणं. आधी खालची लाइन कॅमेऱ्याने तपासून फुटलेला सांधा दुरुस्त झाला का, हे विचारा. भरावासाठी एस्टिमेटमध्ये बहुधा वाळू किंवा मुरूम धरलेला असतो. चरीतली तीच माती परत टाकली असेल तर बिलातला तो आयटम खोटा. एक फोटो पुरतो, मात्र त्यात तारीख आणि ओळखता येईल असं घर किंवा खांब हवा.

डांबराचा हिशेब तर घरबसल्या होतो. गल्ली ३०० मीटर लांब, ६ मीटर रुंद धरा: १,८०० चौरस मीटर. एस्टिमेटमध्ये खाली ५० मिमी डीबीएम (जाड खडीचा डांबरी थर) आणि वर ३० मिमी बीसी (बारीक खडीचा वरचा थर) असेल, तर खालचा थर ९० घनमीटर, म्हणजे सुमारे २१० टन. वरचा ५४ घनमीटर, म्हणजे सुमारे १३० टन. दाबलेल्या डांबरी मिश्रणाचं वजन घनमीटरला २.३५ ते २.४ टन धरतात. एकूण ३४० टन, २० टनी डंपरच्या १७ खेपा. डांबर पडेल त्या रात्री गॅलरीत बसून कुणी डंपर मोजले तर ते निव्वळ कुतूहल नाही, पुरावा आहे. डंपरचा नंबर आणि वेळ लिहून ठेवा. बिलासोबत प्लँटच्या वजन-पावत्या असतात, त्यांच्याशी जुळवता येतं. वरचा थर ३० ऐवजी २० मिमी टाकला तर जेमतेम ४३ टन वाचतात, म्हणजे दोनच खेपा. डोळ्याला फरक कळत नाही. तो कळतो फक्त कोअर, म्हणजे रस्त्यातून कापलेला गोल नमुना, काढल्यावर.

टाकताना तीन गोष्टी बघा. जुन्या पृष्ठभागावर टॅक कोट, म्हणजे नवा थर चिकटवणारं पातळ डांबर, मारला का. चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास लागतो, म्हणजे तुमच्या गल्लीला साडेचारशे किलो, दोन-अडीच पिंपं. तो धुळीवर मारला तर थर चिकटत नाही आणि पहिल्या पावसात पापुद्रे निघतात. दुसरं, तापमान: नेहमीच्या व्हीजी-३० डांबराचं मिश्रण टाकताना १४० अंशांच्या आसपास हवं, आणि ९० च्या खाली उतरायच्या आत रोलिंग संपायला हवं. ताडपत्री न घालता आलेला डंपर दोन तास उभा असेल तर ते मिश्रण दबणार नाही. तिसरं, ओल्या रस्त्यावर डांबर टाकायचंच नाही, मग उद्घाटन कुणाचंही असो.

मिलिंगचा आयटम वेगळा तपासा. जुना थर खरवडून काढायचे पैसे एस्टिमेटमध्ये असतात, कारण न खरवडता थरावर थर चढवला की रस्ता दर वेळी ८० मिमी उंच होतो आणि घराचं जोतं खाली जातं. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथल्या जुन्या घरांत पावसाचं पाणी उंबऱ्यावरून आत येतं त्यामागे नदीच नव्हे, हा हिशेबही असतो. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी रस्त्यापासून ओट्याच्या पायरीची उंची पट्टीने मोजून फोटो काढा. झाल्यावर पुन्हा. खरोखर जेवढं खरवडलं तेवढंच चढवलं असेल तर फरक शून्य यायला हवा.

आता फाइल. माहितीच्या अधिकारात कागदांच्या प्रती मागण्याआधी अवलोकन मागा. कलम २(ञ) मध्ये कामाची आणि कागदांची प्रत्यक्ष तपासणी करण्याचा, आणि मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क स्पष्ट दिलेला आहे. हा दुसरा हक्क फारसं कुणी वापरत नाही. फायलीत साधारण हे असतं: एस्टिमेट आणि तांत्रिक मंजुरी, टेंडर आणि भावांचा तुलनात्मक तक्ता, स्थायी समितीची दरखास्त आणि ठराव, वर्क ऑर्डर, मोजमाप वही म्हणजे एमबी, रनिंग बिलं, चाचणी अहवाल, कामपूर्तीचा दाखला. लोक पहिल्या पानापासून वाचतात आणि एस्टिमेटमध्येच दमतात. शेवटच्या बिलापासून उलटं वाचा. त्यात प्रत्येक आयटमसमोर टेंडरमधलं परिमाण आणि प्रत्यक्ष परिमाण असतं. जिथे प्रत्यक्ष आकडा टेंडरच्या दीडपट-दुप्पट झाला आहे तिथे बोट ठेवा, आणि जिथे शून्य झाला आहे तिथेही.

त्याचं कारण सांगतो. आपल्याकडे पुष्कळ कामं बी-१ नमुन्यावर, म्हणजे टक्केवारीच्या दराने निघतात. इजारदार सगळ्या आयटमवर एकच टक्का वर किंवा खाली भरतो. दरसूचीत, म्हणजे सरकारी दरांच्या यादीत, काही आयटमचे दर फायद्याचे असतात, काहींचे तोट्यातले. काम चालू झालं की फायद्याच्या आयटमचं परिमाण वाढतं, तोट्याचं घटतं, आणि एकूण रक्कम मंजुरीच्या मर्यादेत राहते. कागदावर काहीच वावगं नाही. एक खूण सहज पकडता येते: बडोदा शहर गाळाच्या मैदानावर वसलं आहे, गल्लीत दीड मीटर खोदताना कातळ लागत नाही. ड्रेनेजच्या बिलात "कठीण खडकातील खोदकाम" दिसलं, तर तो खडक कुठे ठेवला आहे ते विचारा.

एमबीमध्ये रुंदीचे आकडे बघा. खऱ्या गल्लीची रुंदी दर तीस मीटरला बदलते: ५.७०, ६.१५, ५.९०. सगळीकडे ६.०० लिहिलं असेल तर टेप बाहेर निघालाच नसावा. मोजमाप, तपासणी आणि बिल तिन्ही एकाच तारखेला, त्यातही ३१ मार्चला, असेल तर तशीच शंका. चाचणी अहवालाची तारीख डांबर टाकण्याच्या आधीची निघते, हेही घडतं. त्रयस्थ तपासणी संस्था नेमली असेल तर तिचा अंतिम दाखला नको, भेटींची नोंदवही मागा.

टेंडरच्या टक्केवारीवर आपल्याकडे फार आरडाओरड होते. "अंदाजापेक्षा ३५ टक्के जास्त भावाने मंजूर" अशी बातमी आली की लोक खवळतात. आधी अंदाज कोणत्या वर्षाच्या दरसूचीवर केला ते बघा. जुन्या दरसूचीवरचा ३५ टक्के जास्त भाव बाजाराच्या बरोबरीचाही असू शकतो. जीएसटी आत आहे की बाहेर, तेही. जुलै २०२२ पासून पालिकेच्या अशा कामांवरचा कर १२ वरून १८ टक्के झाला, आणि आधीचे-नंतरचे भाव शेजारी ठेवताना ही तफावत लोक विसरतात. जास्त भाव मंजूर करताना फायलीत भावाचं पृथक्करण जोडलेलं असायला हवं. ते नसेल तर ओरडा. खरं म्हणजे ३० टक्के कमी भावाचं टेंडर जास्त धोक्याचं. त्या दरात नियमाप्रमाणे काम होत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि कसर थराच्या जाडीतून निघते. पण कमी भावावर कुणी मोर्चा काढत नाही.

आणखी एक जागा म्हणजे त्याच महानगरपालिका अधिनियमाचं कलम ६७(३)(सी). अचानक अपघात, अनपेक्षित घटना किंवा नैसर्गिक आपत्ती आली, पालिकेच्या मालमत्तेला किंवा जिवाला धोका असेल, तर आयुक्त टेंडरची वाट न बघता तातडीने काम करून घेऊ शकतात. मात्र कारणासह त्याची माहिती स्थायी समितीला आणि सभेला लगेच द्यावी लागते. तरतूद चांगली आणि गरजेची आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीची पातळी काळा घोड्यापाशी ३५ फुटांवर गेली, धोक्याची खूण २६ फुटांची. अशा वेळी पंप, होड्या आणि जेवणाची पाकिटं यांना टेंडर काढत बसणं मूर्खपणा ठरला असता. पण याच कलमाखाली पावसाळी कांसांची, म्हणजे नाल्यांची, सफाई दाखवली असेल तर विचारायला हवं, कारण पावसाळा दर वर्षी जूनमध्येच येतो आणि तो कुणालाही अनपेक्षित नसतो. तीन तारखा शेजारी मांडा: घटनेची, वर्क ऑर्डरची, आणि समितीला कळवल्याची. घटना आणि वर्क ऑर्डरमध्ये महिना गेला असेल तर तेवढ्यात अल्पमुदतीचं टेंडर निघालं असतं. समितीपुढे माहिती चार-सहा महिन्यांनी आली असेल तर "लगेच" या शब्दाचा भंग झाला. एवढं एका कागदावर मांडून विरोधी पक्षाच्या नगरसेवकाच्या हाती दिलं तर सामान्य सभेत त्यावर बोलणं भाग पडतं. याच प्रकारचं दुसरं सोंग म्हणजे कामाचे तुकडे. ठराविक रकमेवरचा करार स्थायी समितीच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. म्हणून एकच फूटपाथ चार भागांत वाटला जातो, प्रत्येक भाग मर्यादेच्या थोडा खाली.

गाळ काढण्याच्या कामावर टीका करणाऱ्यांनी मापाची पद्धत आधी विचारावी. पुरानंतर २०२५ च्या पावसाळ्याआधी विश्वामित्रीचं शहरातलं पात्र मोठ्या प्रमाणावर रुंद आणि खोल केलं, आणि पुढेही असली कामं निघत राहणार. पैसे तीन तऱ्हांनी देता येतात: कामाआधी आणि नंतर नदीचे आडवे छेद मोजून, डंपर मोजून, किंवा वजनकाट्यावर. यांत वजनकाटा सगळ्यांत वाईट, कारण ओला गाळ म्हणजे निम्मं पाणी आणि आपण पाण्याचे पैसे देतो. डंपर मोजले तर फुगवट्याची वजावट हवी. जमिनीतली माती उपसली की २० ते ३० टक्के जास्त जागा व्यापते. आडवे छेद हीच खरी पद्धत, आणि तरीही डंपरचा हिशेब ताळा म्हणून ठेवावा. समजा एक लाख घनमीटर खोदाईचं बिल आहे. सुटी माती सव्वा लाख घनमीटर, दहा घनमीटरच्या डंपरच्या साडेबारा हजार खेपा. शंभर दिवसांत काम झालं म्हणत असतील तर रोज सव्वाशे, दहा तास काम धरलं तर दर पाच मिनिटांनी एक डंपर नदीतून वर यायला हवा. काठावर राहणाऱ्याला हे खरं की खोटं ते सांगायला इंजिनिअर लागत नाही. मग विचारा, ती माती टाकली कुठे. पात्रातून काढून कोतरात, म्हणजे नदीकाठच्या घळीत, भराव केला असेल तर एका हाताने खोल करून दुसऱ्या हाताने पुराची जागा बुजवली. राष्ट्रीय हरित लवादाने २०२१ मध्ये विश्वामित्रीच्या बाबतीत पात्र आखून अतिक्रमणं हटवण्याबद्दल आदेश दिलेले आहेत. प्रश्नात त्यांचा उल्लेख जरूर करा.

खासगी भागीदारीच्या प्रकल्पांत पालिकेचा पैसा जात नाही म्हणून लोक गप्प बसतात. हरणी तलाव असाच ठेक्यावर दिलेला होता. १८ जानेवारी २०२४ ला तिथे बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या, आणि मग उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतल्यावर करार कुणाला, कोणत्या पात्रतेवर दिला ते उघड तपासलं गेलं. अशा करारात भाड्याचा आकडा दुय्यम. पालिकेच्या कोणत्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याने किती दिवसांनी तपासणी करायची, हे कलम शोधा आणि त्या तपासण्यांचे अहवाल मागा. आपल्या शहरात आज जी जी जागा ठेक्यावर आहे तिच्याबद्दल हे करता येईल.

पालिकेची आर्थिक तब्येत बघायची असेल तर बजेटचं भाषण बाजूला ठेवा. बडोद्याने मार्च २०२२ मध्ये १०० कोटींचे रोखे ७.१५ टक्क्यांनी काढले, ते शेअर बाजारात नोंदलेले आहेत. रोखे काढणाऱ्याला गुंतवणूकदारांना हिशेब द्यावा लागतो आणि पतमापन संस्थेचा अहवाल जाहीर होतो. वेरावसुली किती टक्के, पाणीपुरवठ्याचा खर्च किती निघतो, कर्ज किती, हे तिथे नागरिकांसाठी छापलेल्या कुठल्याही पुस्तिकेपेक्षा सरळ लिहिलेलं सापडतं. आणि बजेटमध्ये पाहायचंच तर गेल्या वर्षीचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च, तीन रकाने शेजारी ठेवून पाहा. विकासकामांचा आकडा दर वर्षी फुगवून मांडायचा आणि डिसेंबरनंतर गुपचूप कापायचा, ही रीत त्यात लगेच दिसते.

माहिती अर्जात लोक चुकतात ते ठरलेल्या जागी. "गेल्या पाच वर्षांतल्या सर्व रस्त्यांची माहिती द्या" म्हटलं की साधनांवर ताण येतो असं सांगून टाळतात. "रस्ता का खोदला" याला माहिती म्हणत नाहीत. "खोदण्याची मंजुरी देणाऱ्या टिपणीची प्रत" याला म्हणतात. एक गल्ली, एक काम, वर्क ऑर्डरचा नंबर, एवढंच लिहा. नंबर कामाच्या जागी लावलेल्या फलकावर असतो. फलक नसेल तर वॉर्ड ऑफिसात मिळतो, आणि टेंडर एन-प्रोक्योर या टेंडरांच्या संकेतस्थळावर शोधता येतं. गुजरातेत अर्जाचं शुल्क २० रुपये. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, ते पालिकेतच. तिथेही नाही तर ९० दिवसांत गांधीनगरला माहिती आयोगाकडे. स्मार्ट सिटीची कामं वेगळ्या कंपनीने केलेली असल्यामुळे अर्ज "आमच्याकडे नाही" म्हणून परत येतो; कलम ६(३) प्रमाणे तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचंच काम आहे, हे पहिल्याच अर्जात लिहून टाका. इजारदाराचं व्यापारी गुपित म्हणून भाव नाकारले तर अपिलात सांगा की टेंडर मंजूर होऊन सार्वजनिक पैसा दिल्यावर भावाचं गुपित राहत नाही.

वेळेचं म्हणाल तर एप्रिलमध्ये केलेली टीका वाया जाते. कायद्याप्रमाणे करांचे दर २० फेब्रुवारीच्या आत ठरतात. आयुक्तांचा मसुदा त्याआधी स्थायी समितीपुढे असतो. तुमच्या ड्रेनेज लाइनीचं काम त्यात घालायचं असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वॉर्डाच्या कार्यपालक अभियंत्याला लेखी द्या, कारण मसुद्याची यादी तेव्हा खालून वर जाते. मुख्यमंत्र्यांच्या "स्वागत" या तक्रार निवारण कार्यक्रमात तक्रार टाकून खड्डा भरून मिळतो, अग्रक्रम बदलून मिळत नाही.

तुमच्या गल्लीसाठी या आठवड्यात एक पत्र पुरे. खंडेराव मार्केटच्या मुख्य कचेरीत आयुक्तांना आणि वॉर्ड ऑफिसात, दोन्हीकडे पोच घेऊन द्या. मूळ रस्त्याचा डीएलपी कोणत्या तारखेपर्यंत आहे. ड्रेनेज आणि पाण्याच्या चरींवर नव्याने टाकलेल्या पट्ट्याची जबाबदारी सध्या कोणत्या इजारदारावर आणि कधीपर्यंत. आणि मूळ इजारदाराची अनामत रक्कम परत दिली आहे की अजून पालिकेकडे आहे. एवढंच लिहा, चौथा प्रश्न घालू नका. अनामत अजून पालिकेकडे असेल तर पावसाळ्याआधी चर बसल्याचे फोटो त्याच पत्राच्या संदर्भाने पुन्हा द्या. तेवढ्यात कुणी ती परत करायची सही करणार नाही.